वेल आणि वेळ: श्रीलंकेचे बर्डविंग फुलपाखरू प्रत्यक्ष पाहण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

आंबोलीच्या घाटात किंवा गोव्याच्या जंगलात ज्यांनी सदर्न बर्डविंग डोक्यावरून जाताना पाहिले आहे, त्यांना पहिल्या क्षणी तो एखादा पक्षीच वाटला असेल. काळेभोर लांब पुढचे पंख, मागच्या पंखांवर हळदीसारखा पिवळा पट्टा आणि घाई नसलेली, पंख पसरून तरंगत जाणारी झेप हे सारे फुलपाखराच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. याच फुलपाखराचे एक जवळचे नातलग पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे राहते आणि श्रीलंकेच्या बेटाबाहेर ते जगात कुठेही नैसर्गिकपणे आढळत नाही. शास्त्रीय नाव ट्रॉइडीस डार्सिअस. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी १८५३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ते श्रीलंकेतील सर्वांत मोठे फुलपाखरू असून तेथील राष्ट्रीय फुलपाखरूही आहे.

श्रीलंकेला जाणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. त्यांपैकी निसर्गाची आवड असलेले बरेच जण हत्ती, बिबट्या आणि पक्षी पाहून परततात, आणि बर्डविंग मात्र कुठेतरी उंच झाडावरून निसटते दिसले एवढेच सांगतात. नशिबाने दिसण्याची वाट पाहिली तर असेच होते. या फुलपाखरामागे धावून काही हाती लागत नाही. त्याची वेल कुठे आहे आणि ते कोणत्या वेळी खाली उतरते या दोन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर दोन-तीन दिवसांच्या मुक्कामातही ते निवांत पाहता येण्याची चांगली शक्यता असते. पुढील सर्व सूचना याच दोन गोष्टींभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी ओळख पक्की करावी

श्रीलंकेत बर्डविंगची ही एकच जाती आहे, त्यामुळे ओळखण्याचे काम आपल्याला वाटते त्यापेक्षा सोपे असते. पंखांचा विस्तार सुमारे १६ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर असतो आणि मादी नरापेक्षा मोठी असते. पुढचे पंख काळे असून त्यांवरील शिरांच्या कडेने फिकट रेषा असतात. या रेषा पंखांच्या खालच्या बाजूने अधिक ठळक दिसतात. मागच्या पंखांवर चकचकीत सोनेरी पिवळा भाग असतो. डोक्यामागे गळपट्टीसारखा लाल रंग असतो, पण तो दिसण्यासाठी फुलपाखरू फुलावर आणि आपल्या डोळ्यांच्या पातळीवर यावे लागते.

नर आणि मादी यांतील फरक मागच्या पंखांवर पाहावा. नराच्या पिवळ्या भागाला कडेने काळ्या त्रिकोणी खुणांची किनार असते आणि आतला पिवळा भाग बराचसा मोकळा राहतो. मादीच्या पिवळ्या भागात मात्र मोठ्या काळ्या ठिपक्यांची ओळ घुसलेली असते, त्यामुळे उडताना तिचे मागचे पंख नराच्या मानाने मळकट आणि तुटक पिवळे दिसतात. नराच्या मागच्या पंखाच्या आतल्या कडेला एक घडी असते आणि तिच्यात गंध पसरवणारे केस असतात. नर मादीभोवती घिरट्या घालत असताना ती घडी उघडते.

सह्याद्रीत सदर्न बर्डविंग पाहिलेल्यांनी एक तुलना मनात ठेवावी. सदर्न बर्डविंगच्या मागच्या पंखांवर पिवळा रंग भरपूर पसरलेला असतो आणि पंखाच्या मध्यभागी असलेला शिरांनी वेढलेला बंदिस्त भागही तो व्यापतो. श्रीलंकेच्या बर्डविंगमध्ये काळा रंग वरून आणि आतून पुढे सरकलेला असतो, आणि पिवळा रंग त्या मधल्या भागाच्या केवळ बाहेरच्या टोकाला स्पर्श करतो. हा फरक एकदा चित्रात नीट पाहिला की उडत्या फुलपाखरातही जाणवतो: सह्याद्रीतले फुलपाखरू पिवळे जास्त वाटते, तर बेटावरचे काळे जास्त वाटते.

गफलत होते ती दोन फुलपाखरांशी. रेड हेलन हे मोठे काळे फुलपाखरू श्रीलंकेच्या जंगलात सामान्य आहे. त्याच्या मागच्या पंखावर मलईच्या रंगाचा मोठा डाग असतो आणि उन्हात तो पिवळसर भासतो. पण रेड हेलनला शेपटीसारखी टोके असतात आणि त्याची झेप वेगवान, झटके देणारी असते. दुसरे ब्लू मॉर्मन, जे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. श्रीलंकेतही ते आहे आणि सावलीत त्याचा निळा रंग करडा दिसतो. आकारावर विसंबू नये. पिवळा रंग आणि तरंगत जाण्याची ढब या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच नोंद करावी.

दुसरी पायरी: वेल ओळखायला शिकावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. बर्डविंगची मादी केवळ ईश्वरीच्या कुळातील वनस्पतींवर अंडी घालते, कारण तिच्या अळ्या दुसरे काही खाऊ शकत नाहीत. श्रीलंकेत यासाठी मुख्य वेल आहे ती ॲरिस्टोलोकिया इंडिका, म्हणजे आपल्याकडील ईश्वरी किंवा सापसंद. सिंहली भाषेत या वेलीला सप्संद असेच म्हणतात. कोकणातल्या माणसाने श्रीलंकेतल्या खेड्यात या वेलीचे नाव घेतले, तर समोरच्याला ते बहुधा कळेल. त्यामुळे स्थानिक वाटाड्याला फुलपाखरू कुठे दिसेल असे विचारण्याऐवजी सप्संद कुठे आहे असे विचारणे अधिक फलदायी ठरते. वाटाड्यालाही मग समजते की समोरच्या माणसाला काय हवे आहे.

वेल ओळखताना आधी पानांकडे पाहावे. पाने साधी, एकाआड एक आणि गुळगुळीत असतात, कडा किंचित लहरी असते, आणि आकार एकाच वेलीवरही बदलतो: काही पाने लांबट, काही टोकाकडे रुंद, तर काही मध्ये किंचित आवळलेली असतात. देठाजवळून तीन किंवा अधिक मुख्य शिरा फुटलेल्या दिसतात. पान चुरगळल्यास उग्र वास येतो, पण जंगलात पाने तोडू नयेत; पडलेले पान मिळाले तर पुरते. फूल एकदा पाहिले की विसरता येत नाही. तळाशी फुगीर गोळा, त्यावर अरुंद नळी आणि टोकाला जिभेसारखी जांभळट तपकिरी पाकळी अशी त्याची रचना असते. नळीतील केस आतल्या दिशेने वळलेले असल्याने लहान माश्या आत शिरतात आणि काही काळ अडकून पडतात. केस सुकल्यावर परागकण अंगावर घेऊन त्या बाहेर पडतात.

फळ तर ओळखीची सर्वांत पक्की खूण आहे. पिकल्यावर ते देठाच्या बाजूने सहा फाकांत उघडते आणि देठाचे तंतू तसेच राहून शिंकाळ्यासारखे लटकत राहते. आत पत्त्यांच्या गड्डीसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या, पंखधारी बिया असतात. पाने नसलेल्या काळातही ही सुकलेली शिंकाळी झुडपांवर लटकलेली दिसतात, आणि वेल शोधणाऱ्याला तेवढी खूण पुरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या कुळातील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंडांना घातक असून माणसात कर्करोग निर्माण करणारे म्हणून सिद्ध झाले आहे. ही वेल दोन्ही देशांत परंपरेने औषध म्हणून वापरली गेली आहे, म्हणून कोणी तिचे मूळ किंवा काढा देऊ केल्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. हेच विष अळी आपल्या शरीरात साठवते, ते कोषातून प्रौढ फुलपाखरात उतरते आणि त्यामुळे पक्षी त्याला सहसा खात नाहीत. बर्डविंग एवढे सावकाश, उघड्यावर आणि निर्धास्त का उडते, याचे उत्तर या वेलीत आहे.

वनस्पती उद्यानांत आणि हॉटेलांच्या बागांत याच कुळातील परदेशी शोभेच्या वेली लावलेल्या असतात. त्यांची मोठी, बदकाच्या आकाराची फुले पाहून आपण त्यांना बदकवेल म्हणतो. त्यांना सापसंद समजू नये. ऑस्ट्रेलियातील रिचमंड बर्डविंगच्या बाबतीत असे सिद्ध झाले आहे की, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या अशा एका शोभेच्या वेलीवर मादी फसून अंडी घालते आणि अळ्या ती पाने खाऊन मरतात.

तिसरी पायरी: हंगाम आणि दिवसातील वेळ

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागाला ओला पट्टा म्हणतात आणि बर्डविंगचे मुख्य घर तेच आहे. तेथे हिवाळा असा नसतो, म्हणून प्रौढ फुलपाखरे वर्षभर उडतात. अडचण येते ती पावसाची. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस याच भागावर कोसळतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर वादळी सरी येतात. पर्यटकासाठी जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सोयीचा असतो: सकाळी ऊन, हवेत ओलावा आणि फुलांची रेलचेल.

याच काळात, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, पांढऱ्या-पिवळ्या लहान फुलपाखरांचे थवे एका दिशेने उडताना दिसतात. फुलपाखराला सिंहलीत समनलया म्हणतात आणि २,२४३ मीटर उंचीच्या श्रीपादाच्या शिखराला समनलकंद, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर. ही फुलपाखरे त्या डोंगराला वंदन करायला जातात अशी लोकश्रद्धा आहे. बर्डविंग या प्रवासात नसते. थव्यामागे जाऊन ते सापडेल या आशेने दिवस घालवू नये.

दिवसातील वेळ महिन्यापेक्षाही महत्त्वाची आहे. साधारणपणे सकाळी ७ ते १० या वेळेत बर्डविंगे फुलांवर उतरतात. रात्री पाऊस झाला असेल तर कोवळ्या उन्हात पंख पसरून ती पानांवर बसलेलीही दिसतात, आणि ही संधी एरवी क्वचित मिळते. ऊन तापल्यावर नर झाडांच्या शेंड्यांवर गस्त घालू लागतात आणि मग दुर्बिणीखेरीज काही दिसत नाही. दुपारी साडेतीननंतर पुन्हा तासभर खाली उतरण्याचा काळ येतो. म्हणून हॉटेलची सकाळची न्याहारी सोडावी, शिदोरी बरोबर घ्यावी आणि सातपूर्वी जागेवर पोहोचावे. ढगाळ पण कोरडी सकाळ वाया गेली असे समजू नये; अशा दिवशी ती उंचावर चढत नाहीत आणि अधिक वेळ फुलांवर रेंगाळतात.

चौथी पायरी: जागा निवडावी

तीन जागा सुचवतो, आणि सुरुवात कँडीपासून करावी असे माझे मत आहे. पेरादेणियाचे शाही वनस्पती उद्यान आणि दळदा मालिगाव या बुद्धाच्या दंतमंदिराच्या मागच्या टेकडीवरील उडवत्तकेले हे सुमारे १०४ हेक्टरांचे संरक्षित जंगल, ही दोन्ही ठिकाणे एका मुक्कामात होतात. उद्यानात मोकळी जागा, उंच झाडे आणि फुलझाडांचे वाफे शेजारी शेजारी असल्याने फुलपाखरू झाडाच्या शेंड्यावरून फुलावर उतरताना पूर्ण दिसते. चालायला सपाट रस्ते आहेत, त्यामुळे घरातील वयस्कर माणसांनाही बरोबर नेता येते. प्रथमच जाणाऱ्याने थेट घनदाट पर्जन्यवनात शिरल्यास डोक्यावर पानांचे छप्पर आणि त्यापलीकडे बर्डविंग, अशी स्थिती होते.

कितुलगल हे केळणी नदीकाठचे गाव कोलंबोकडून अविस्सावेल्लामार्गे हॅटनला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लोक तेथे नदीत राफ्टिंगसाठी जातात, पण नदीपलीकडचे मकंदव जंगल आणि त्याच्या कडेची परसबागेसारखी घरे फुलपाखरांसाठी उत्तम आहेत. गावाच्या कुंपणांवरची फुले आणि जंगलातली वेल एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असणे ही बर्डविंगची आवडती स्थिती आहे, आणि ती कितुलगलला सहज मिळते.

सिंहराज हे तिसरे ठिकाण. युनेस्कोने १९८८ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या या पर्जन्यवनात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रत्नपुर, कलवान आणि वेद्दागलमार्गे कुडावा प्रवेशद्वाराला जावे. दक्षिणेकडून देणियायमार्गेही प्रवेश आहे. वनखात्याच्या प्रवेशद्वारावर तिकिटासोबत वाटाड्या घ्यावा लागतो. १९७० च्या दशकात येथे प्लायवूडसाठी यंत्रांनी लाकूडतोड झाली आणि जनक्षोभामुळे ती थांबवावी लागली. त्या काळची लाकूड वाहून नेण्याची वाट आज पर्यटकांची मुख्य पायवाट आहे. तिच्या दोन्ही कडांना ऊन पोहोचते, फुलझाडे वाढतात आणि फुलपाखरे दिसतात. म्हणून आत खोल जाण्याचा हट्ट न धरता या रुंद वाटेवरच सकाळ काढावी. याच वाटेवर सिलोन रोझ हे केवळ श्रीलंकेत आढळणारे फुलपाखरूही दिसू शकते. गोव्यापासून केरळपर्यंतच्या मलबार रोझचे ते जवळचे नातलग आहे.

सिंहराजात जळवा असतात आणि पावसानंतर फार असतात. जाड विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घालावेत, पँट त्यांच्या आत खोचावी आणि दर अर्ध्या तासाने पाय तपासावेत. चिकटलेली जळू नखाने बाजूला सरकवली तर सुटते. तिच्यावर मीठ किंवा आग टाकण्याची गरज नसते.

पाचवी पायरी: एका जागी उभे राहावे

जागेवर पोहोचल्यावर चालत सुटू नये. ऊन येणारी, फुललेली आणि जवळ उंच झाडे असलेली एक जागा निवडून तेथे किमान एक तास थांबावे. बर्डविंग फुलांच्या ठरावीक फेऱ्या करते. एकदा ज्या झुडपावर आले त्या झुडपावर ते पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, तर त्यामागे धावणाऱ्याला फक्त त्याची पाठ दिसते.

फुलांची ओळख येथे कामी येते. घाणेरीवर बर्डविंग आवर्जून येते. सिंहलीत या झुडपाला गंदपान म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांनी नाव ठेवताना तिचा वासच धरला आहे. रतमल, म्हणजे तांबड्या फुलांचा एक्झोरा, तसेच पांढरी पानासारखी निदले असलेला भूतकेस आणि लाल पॅगोडा फुलांचे गुच्छ यांवरही लक्ष ठेवावे. लांब नळीची, गुच्छात येणारी फुले बर्डविंगला सोयीची असतात. फुलावर आल्यावर ते पाय टेकते, पण भार टाकत नाही: पुढचे पंख सतत थरथरत असतात आणि मागचे पंख त्या मानाने स्थिर राहतात. हे लक्षण दुरूनही ओळखता येते.

मादीचे वागणे वेगळे असते आणि ते पाहायला मिळाले तर फुलांपेक्षा तिकडे लक्ष द्यावे. अंडी घालायला निघालेली मादी जमिनीपासून एक-दोन मीटरवर, झुडपांच्या आतून सावकाश हिंडते, पानांवर क्षणभर उतरते आणि पुढच्या पायांनी ते पान टपटप ठोकते. फुलपाखरांच्या पायांत चव ओळखणारी इंद्रिये असतात. पान योग्य कुळातले आहे की नाही हे ती असे तपासते. अशी मादी दिसली म्हणजे सापसंद जवळपास आहे असे धरून चालावे, जागचे हलू नये, आणि ती निघून गेल्यावरच त्या जागेची पाहणी करावी.

सहावी पायरी: छायाचित्र

आधी डोळ्यांनी पाहावे, मग कॅमेरा उचलावा. पहिली भेट कॅमेऱ्याच्या चौकटीतून घेणाऱ्याला उडण्याची ढब लक्षात राहत नाही, आणि पुढच्या वेळी दुरून ओळखायला तीच लागते.

तांत्रिक बाजू थोडक्यात अशी आहे. पुढचे पंख फुलावरही थांबत नसल्याने शटरचा वेग सेकंदाचा १/१६०० भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मॅक्रो लेन्सने जवळ जाण्याचा प्रयत्न केल्यास फुलपाखरू उडते. काळ्या पंखांमुळे कॅमेरा चित्र अधिक उजळ करतो आणि पिवळा भाग जळून सपाट होतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पायरीने कमी करावे. ओळखीसाठी मागच्या पंखाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू टिपाव्यात. मोबाइलवरही स्लो मोशनचा व्हिडिओ चांगला येतो आणि पंखांच्या हालचालीचा अभ्यास त्यातून अधिक होतो. बसलेल्या फुलपाखराला पकडून, थंड करून किंवा पंख धरून फोटोसाठी बसवणे हा सरळ अपराध मानावा.

सातवी पायरी: अंडी, अळी आणि कोष

प्रौढ फुलपाखरू दिसले नाही तरी वेलीवर त्याचे अर्धे आयुष्य पाहता येते. अंडे मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, गोल आणि नारिंगी छटेचे असते. मादी ती एकेक करून घालते, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, पण कधी वेलीच्या खोडावर किंवा शेजारच्या दुसऱ्या झाडाच्या काडीवरही; म्हणून आजूबाजूची झुडपेही पाहावीत. सुमारे आठवडाभरात अळी बाहेर येते आणि आधी अंड्याचे कवच खाते.

अळी गडद तपकिरी-जांभळट असते, अंगभर मांसल काटेरी उंचवटे असतात, आणि शरीराच्या मध्यावर तिरका फिकट पट्टा असतो. याच वेलीवर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्याही अळ्या असतात, त्यामुळे सापसंदवरची प्रत्येक काटेरी अळी बर्डविंगची समजू नये. पूर्ण वाढलेली बर्डविंगची अळी या दोन्हींपेक्षा कितीतरी जाड आणि लांब असते. अळीला डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो पाहण्यासाठी मुद्दाम डिवचणे योग्य नाही, कारण त्यात अळीची शक्ती खर्च होते.

शेवटच्या टप्प्यातील अळी पानांवर थांबत नाही. ती वेलीचे खोड कुरतडते, आणि कधी पूर्ण कापून टाकते. वेलीचा वरचा भाग अचानक सुकलेला दिसला तर खालच्या खोडावर कुरतडल्याच्या ताज्या खुणा शोधाव्यात. अळी किंवा कोष जवळच सापडण्याची शक्यता असते. तीन-चार आठवड्यांनी अळी वेल सोडून शेजारच्या झाडाच्या फांदीवर कोष करते. कोष कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून टेकलेला असतो, सुकलेल्या वळलेल्या पानासारखा दिसतो आणि त्याला धक्का लागल्यास आतून फुसफुस असा आवाज येतो. पुढे साधारण तीन आठवड्यांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू बाहेर येते आणि पंख वाळेपर्यंत काही तास तेथेच लटकते. वाटेवर असे फुलपाखरू दिसल्यास दहा पावलांवर थांबावे आणि इतरांनाही थांबवावे.

आठवी पायरी: कायदा

श्रीलंकेच्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय कीटक पकडणे, बाळगणे किंवा देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. २०२४ साली याल राष्ट्रीय उद्यानात शेकडो कीटक बरण्यांत गोळा करणाऱ्या दोन परदेशी पर्यटकांना तेथील न्यायालयाने श्रीलंकेच्या चलनात ६ कोटी रुपये दंड केला. शिवाय ट्रॉइडीस प्रजातीतील सर्व फुलपाखरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित आहे. रस्त्यावर पडलेला मेलेल्या फुलपाखराचा पंखही आठवण म्हणून सामानात ठेवू नये, आणि चौकटीत मढवलेली फुलपाखरे कोणत्याही दुकानातून विकत घेऊ नयेत. सापसंदच्या बिया किंवा रोप आणण्याचा मोहही टाळावा. ती वेल आपल्याकडे मुळातच आहे.

नववी पायरी: नोंद

प्रत्येक वेळी दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, नर की मादी, कोणत्या फुलावर आणि काय करताना दिसले हे त्याच दिवशी वहीत लिहावे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रासह नोंद केल्यास ती संशोधकांच्या उपयोगी पडते. अंडी किंवा अळी सापडलेल्या वेलीचे नेमके ठिकाण मात्र उघड करू नये. नकाशावरील स्थान धूसर ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. दिसले नाही त्या सकाळचीही नोंद करावी, कारण वेल होती, फुले होती, ऊन होते आणि तरीही फुलपाखरू आले नाही, ही माहिती हंगाम समजून घेण्यासाठी तितकीच मोलाची असते.

परतल्यानंतर: आपल्या अंगणात

श्रीलंकेत सापसंद आणि बर्डविंग यांचे नाते पाहून आलेल्या कोकणातील, गोव्यातील किंवा घाटमाथ्यावरील वाचकाला आपल्या परसात हेच करून पाहता येईल, कारण सदर्न बर्डविंगही याच वेलीवर वाढते. बी किंवा रोप खात्रीच्या देशी रोपवाटिकेतून घ्यावे. जंगलातून मुळासकट वेल उपटून आणल्यास तिथल्या अळ्यांचे अन्न जाते. ताजे बी अर्धसावलीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत पेरावे आणि उगवायला महिना-दोन महिने लागतील असे गृहीत धरावे. वेलीला चढण्यासाठी कुंपण किंवा झाड द्यावे आणि किमान चार-पाच वेली लावाव्यात, कारण एका मोठ्या अळीला एक तरुण वेल पुरत नाही आणि अन्न संपल्यावर अळ्या एकमेकींनाही खातात. घरात लहान मुले किंवा गुरे असतील तर वेलीची जागा त्यांच्यापासून दूर ठेवावी. कीटकनाशकाची फवारणी, निंबोळी अर्कसुद्धा, त्या परिसरात करू नये.

आधी कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ येतील, तीही बहुधा पहिल्याच वर्षी. बर्डविंग येण्यासाठी जवळ चांगले जंगल हवे आणि काही वर्षे धीर हवा. एखाद्या पावसाळ्याच्या अखेरीस वेल पानांसह, खोडासह जमिनीपर्यंत फस्त झालेली दिसेल. त्या वेळी ती मेली असे समजून खणून टाकू नये. जमिनीतले मूळ जिवंत असते, त्याच्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनंतर नवी फूट येईपर्यंत ती जागा तशीच राखून ठेवावी.